वाईटपणाचं चित्र काढून द्या म्हणाले

गेल्या वीसेक वर्षांत मी पोर्ट्रेट काढलीत, गणपती काढलेत, बंगल्यांच्या हॉलमधे पळणारे सात घोडे काढलेत (सातच लागतात, वास्तुवाल्यांनी सांगितलेलं असतं), पण असलं काम एकदाच आलं म्हणून ही केस पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून ठेवतेय. नाशिकला इंदिरानगरात माझे ड्रॉइंगचे क्लास आहेत, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची पोरं जास्त, वर्षाला तीन-चार पेंटिंगच्या ऑर्डरी. रंगात हात असलेल्यांना मधला भाग कामाला येईल, बाकीच्यांनी तो भराभर वाचला तरी चालेल, पडद्याचं मात्र वाचा.

ऑर्डर देणारे काका वय ७१, बँकेतून रिटायर. नात माझ्याकडे येते. दिवाळीची सुट्टी संपल्यावर तिला सोडायला आले आणि घरी न जाता बाहेरच्या बाकावर बसून राहिले. क्लास सुटला, पोरं गेली, तरी बसलेले. मग म्हणाले, "मॅडम, माणसातला वाईटपणा असं एक चित्र काढून द्याल का? हॉलमधे लावायचंय."

मी हसलेच. म्हणलं काका, रावण वगैरे का? तर म्हणाले, "ते तुम्ही ठरवा. प्रतीकातून असूद्या, डायरेक्ट नको." तीन फूट बाय चार फूट, ऑइल कलर, अठरा हजार ठरले, पाच हजार तिथंच हातात दिले. कारण विचारलं तर बघू पुढे म्हणाले. गिऱ्हाईक पैसे देतंय, सात घोडे नकोत म्हणतंय, मी कशाला जास्त विचारू.

पहिला प्रयत्न

मी सरळ षड्रिपूंवर गेले. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. एकच धड, सहा हात, प्रत्येक हातात काहीतरी, आणि चेहऱ्याच्या जागी आरसा. आता सांगताना लाज वाटते, आरसा ही आयडिया कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाला सुचते आणि प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच सुचली.

पण हे डोक्यात कुठून आलं ते सांगते. लहानपणी आजोळी भिंतीवर 'करणी तशी भरणी'चं चित्र होतं, जत्रेत मिळायचं तसलं. खोटं बोलणाऱ्याची जीभ ओढतायत, कुणाला कढईत तळतायत, यमदूतांना सुळे न शिंगं. त्या चित्राची मला प्रचंड भीती वाटायची आणि प्रचंड मजाही वाटायची, कारण तळले जाणारे सगळे दुसरे कुणीतरी होते. अजिंठ्याला कॉलेजच्या ट्रिपला गेलो तेव्हा २६ नंबरच्या लेण्यात माराचा (म्हणजे बुद्धाला मोहात पाडायला आलेल्या सैतानाचा) हल्ला कोरलेला बघितला, मधे बुद्ध शांत बसलेला आणि भोवती माराचं सैन्य, माराच्या मुली. एक नंबरच्या लेण्यात तोच प्रसंग रंगवलेला आहे. तिथं सरांनी एक गोष्ट दाखवली होती ती डोक्यात राहिली होती, की वाईट दाखवायचं म्हणलं की कलाकाराचा हात मोकळा सुटतो, विचित्र तोंडं, फुगलेली पोटं, काय वाट्टेल ते काढता येतं. चांगलं काढायला अवघड, वाईट काढायला सोपं. म्हणजे मला तेव्हा असं वाटायचं.

आणि नाशिकमधे तर आपल्या गावाचं नावच कापलेल्या नाकावरून पडलं असं सांगतात. तपोवनात पाहुणे घेऊन गेलो की शूर्पणखा आणि लक्ष्मणाचा प्रसंग दाखवायचा, पोरांनी विचारायचं ती राक्षसीण होती का, आपण हो म्हणायचं आणि भेळ खायला जायचं. राक्षस कसा दिसतो हे आपल्याकडं सगळ्यांना पाठ आहे.

तर पंधरा बाय वीस इंचाच्या बोर्डवर ॲक्रिलिकमधे कच्चं काम करून दाखवलं. लाल, काळा, थोडा हिरवट. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "छान आहे हो. पण ह्याला कुणीपण ओळखेल. हा आमच्या सोसायटीत शिरणारच नाही, वॉचमनच सोडणार नाही ह्याला."

वॉचमन हा शब्द तोंडातून गेला आणि ते गप्प झाले. चष्मा काढून पुसला. मग सांगितलं.

काय झालं होतं

आदल्या डिसेंबरातली सकाळ, सात-साडेसातची वेळ, नाशिकची थंडी. त्यांच्या सोसायटीत पेठकडचा एक पोरगा गाड्या धुवायला यायचा, एकोणीस-वीस वर्षांचा, रात्री कधीकधी वॉचमनच्या जागी पण बसायचा. कुणाच्यातरी बाईंची चेन दिसेना. आदल्या दिवशी हा पोरगा त्यांच्या दारात पैसे मागायला उभा होता, एवढंच. पार्किंगमधे आधी दोघांनी विचारलं, मग चौघांनी, मग कुणीतरी कानाखाली दिली आणि मग ते थांबलंच नाही. पाइप होता, गाडी धुवायचा वायपर होता, जे हाताला येईल ते.

काका तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत उभे होते, हातात चहा. मी विचारलं किती वेळ चाललं. म्हणाले, "चहा संपेपर्यंत." मग स्वतःच दुरुस्त केलं, "नाही, चहा पिलोच नाही. साय धरली होती त्याच्यावर."

पोरगा जिवंत आहे, एवढं सांगते. त्या दिवशी गेला तो गेला. दोन दिवसांनी चेन वॉशिंग मशीनच्या दाराच्या रबरात सापडली. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, थँक गॉड चेन मिळाली, आणि त्याच्याखाली चाळीसेक नमस्काराचे हात. पोलीस कम्प्लेंट कुणी केली नाही, ना ह्यांनी ना त्याने. काका एकदा एसटीने पेठला गेले होते त्याला शोधायला, गावाचं नाव पण धड माहिती नव्हतं, स्टँडवर चहा घेतला आणि परतीच्या गाडीने आले. "बहुतेक मला तो सापडायला नकोच होता," हे त्यांचंच वाक्य.

मी विचारलं, काका पण हॉलमधे कशाला? तर म्हणाले, रोज दिसावं म्हणून.

इथून पुढं ही ऑर्डर राहिली नाही, म्हणजे पैशाचं ठरलेलं तसंच राहिलं पण माझं डोकं त्यात गेलं.

दुसरा आणि तिसरा

दुसरा प्रयत्न मी दाराचा केला. मला वाटलं नाशिकमधे वाईटपणाचं खरं प्रतीक असेल तर ते काळाराम मंदिराचं बंद दार. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं मोर्चाने तिथं गेली, तर देवळाचे सगळे दरवाजे बंद. फक्त आत जाऊन दर्शन घ्यायचं होतं. तो सत्याग्रह पुढं काही वर्षं चालला, दार काही उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. मला त्यात धरून ठेवणारी गोष्ट ही होती की दार आतून लावणाऱ्या माणसांना आपण काही वाईट करतोय असं वाटत नसणार, धर्म राखतोय असंच वाटत असणार. शिंगं नाहीत, सुळे नाहीत, अंघोळ करून आलेली सोवळ्यातली माणसं. काळ्या दगडाची भिंत, बंद दार, आणि दाराला आतून टेकलेल्या पाठी, असं स्केच केलं. चित्र म्हणून ते मला अजूनही सगळ्यात आवडतं.

काकांनी बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, हे बरोबर आहे. पण हे नव्वद वर्षांपूर्वीचं आहे. ह्याच्यात मला लपायला जागा आहे."

मी ते स्केच कपाटात ठेवलंय, कधीतरी करीन.

तिसऱ्यात मग मी थेट मारहाणच काढली. चित्रकार तैयब मेहतांचं डोक्यात होतं. १९४७ च्या दंगलीत मुंबईला मोहम्मद अली रोडवर राहत असताना त्यांनी खिडकीतून खाली जमावाने एका माणसाला मारून टाकताना बघितलं होतं. पुढं आयुष्यभर त्यांच्या कॅनव्हासवर पडणारी माणसं येत राहिली, बांधून घातलेला बैल येत राहिला. नव्वदच्या दशकात महिषासुर काढला तर देवी आणि असुर एकमेकांत असे गुंतलेले की कुणाचा हात कुठला हे बघणाऱ्याने शोधावं. २००५ मधे न्यूयॉर्कच्या लिलावात त्यातलं एक चित्र १५ लाख डॉलरच्या वर गेलं तेव्हा पेपरात फक्त किमतीची चर्चा झाली, खिडकीची कुणी केली नाही.

तर मी पार्किंगचा फरशीचा काळपट पट्टा, मधे वाकलेलं एक शरीर, भोवती पाय, नुसते पाय, बूट, स्लीपर, नाइट पँट, आणि त्या पोराचा चेहरा आपल्याकडे वळलेला. मेहनतीने काढला. क्लासच्या पोरींना दाखवला, दोघी रडल्या. मला फार बरं वाटलं, आणि रात्री झोपताना कळलं की इथंच चुकलं. रडणारी माणसं चित्रातल्या पोराच्या बाजूने उभी राहत होती. बघणाऱ्याला वाटतं, अरेरे, मी तर असं कधी नसतं केलं. मार खाणाऱ्याचा चेहरा दाखवला की बघणारा लगेच चांगला माणूस होऊन जातो, फुकटात. आणि ज्याचा चेहरा मी वापरत होते त्याला कुणी विचारलं होतं का, काकांनी पण नाही आणि मी पण नाही. ते बोर्ड मी पांढऱ्याने पुसून टाकलं. काकांना दाखवलंच नाही.

गॅलरी

मग पंधरा दिवस काहीच सुचलं नाही. गोया ह्या जुन्या स्पॅनिश चित्रकाराचं पुस्तक घेऊन बसायचे. म्हातारपणी, कान गेलेले, माद्रिदच्या बाहेरच्या घरात त्याने भिंतींवरच्या गिलाव्यावर थेट चौदा चित्रं काढली, कुणाला विकायला नाही, दाखवायला नाही, नावं पण दिली नाहीत. स्वतःच्या पोराला खाणारा सॅटर्न हा रोमन देव तळमजल्यावरच्या भिंतीवर होता. ते पुढं १८७० च्या दशकात कॅनव्हासवर उतरवून घेतलं, आता प्रादो म्युझियममधे आहे. सॅटर्नचे डोळे बघा कधी. खाणारा तोच आहे आणि घाबरलेला पण तोच. मला काकांचा हॉल आठवला. माणूस असलं चित्र आपल्याच घरात, जिथं रोज बसतो-उठतो तिथं का लावून घेत असेल, ते मला गोयाकडून थोडं कळलं आणि थोडं नाही कळलं.

शेवटी काकांना म्हणलं मला तुमच्या गॅलरीत उभं राहू द्या. सकाळी साडेसातला गेले, काकूंनी चहा दिला. सोसायटी एल आकाराची आहे, त्यामुळे काकांच्या गॅलरीतून समोरच्या विंगच्या बारा गॅलऱ्या दिसतात, आणि खाली वाकलं तर पार्किंग. मी वाकले नाही. समोरच बघत राहिले. ऊन इतकं सुंदर होतं! हिवाळ्यातलं लिंबाच्या रंगाचं ऊन, कुणाची तुळस, कुणाचा वाळत टाकलेला शाळेचा युनिफॉर्म, कुकरची शिट्टी. तिथंच चित्र मिळालं. वाईटपणा खाली नव्हताच, समोर होता, बारा गॅलऱ्यांमधे, आणि तेराव्या गॅलरीत मी उभी होते हातात कप घेऊन.

नाशिककराला तशी वरून बघायची सवयच आहे म्हणा. गोदावरीला पूर आला की आपण होळकर पुलावर जमतो, नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी आलं का छातीला आलं ते बघायला, आणि त्याच्यावरून पुराचा अंदाज सांगतो एकमेकांना. पुरात ते चालतं, पाणी काही आपल्या ओरडण्याने थांबत नाही.

तर रचना अशी. पुढच्या कडेला गॅलरीचं लोखंडी रेलिंग, त्यावर स्टीलचा कप, चहावर सुरकुतलेली साय. म्हणजे चित्राच्या समोर जो उभा राहील तो काकांच्या गॅलरीत उभा. समोर विंग, बारा गॅलऱ्या, नऊमधे माणसं. खालची पट्टी फक्त अर्धा फूट, तिथं पार्किंगचा कोपरा, उलटलेली बादली, साबणाचा फेस, निळ्या पट्ट्याची एकच स्लीपर, आणि नव्या गाडीच्या बंपरला बांधलेली लिंबू-मिरची. पोरगा नाही, मारणारे नाहीत, त्यांच्या नुसत्या लांब सावल्या, तिरप्या उन्हातल्या. लिंबू-मिरची मी मुद्दाम घातली नाही, ती तिथं खरंच होती. वाईट नजर लागू नये म्हणून बांधलेली.

माणसं पहिल्यांदा सगळी खाली बघणारी काढली होती. ते पण चाललं असतं. पण माझा भाचा पुण्याला सायकॉलॉजी करतो, तो सुट्टीला आलेला, त्याने चित्र बघून एक प्रयोग सांगितला. १९६८ मधे अमेरिकेत बिब लाताने आणि जॉन डार्ली ह्या दोघांनी कॉलेजच्या मुलांना फॉर्म भरायला खोलीत बसवलं आणि भिंतीतल्या फटीतून धूर सोडला. एकटा बसलेला असेल तर ७५ टक्के मुलांनी बाहेर जाऊन सांगितलं. पण बरोबर दोन माणसं आधीच पढवून बसवलेली, जी धुराकडं बघून खांदे उडवून परत फॉर्म भरत बसतात, अशा वेळी फक्त १० टक्क्यांनी सांगितलं. बाकीचे धुरात डोळे चोळत फॉर्म भरत राहिले. भाचा म्हणाला मावशी, लोकं धुराकडं बघून नाही ठरवत, दुसऱ्याच्या तोंडाकडं बघून ठरवतात की हे सिरियस आहे का नाही.

मी नऊच्या नऊ माना परत रंगवल्या. आता खाली कुणीच बघत नाही. प्रत्येक जण शेजारच्या गॅलरीकडं बघतोय. पहिल्या मजल्यावरचा दुसऱ्याकडं, दुसऱ्यावरची बाई समोर आपल्याकडं, म्हणजे काकांकडं, म्हणजे जो चित्र बघतोय त्याच्याकडं. चेहरे नखाएवढे, नाक-डोळे जवळजवळ नाहीतच, नुसती मान कुठं वळली ते कळतं. तेवढ्या एका बदलाने चित्र उभं राहिलं, बाकी सगळी सजावट.

थोडं रंगांबद्दल. काळा रंग वापरलाच नाही, बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून जो काळोख होतो तेवढाच सावल्यांना. लाल तर कुठंच नाही, तुळशीच्या कुंडीचा गेरू सोडला तर. उन्हाला येलो ऑकर आणि पांढरा. पांढऱ्याचं सांगायलाच पाहिजे कारण ते पुढं लागणार आहे. टायटॅनियम व्हाइट झाकणारा असतो, एका हातात खालचं सगळं गायब. झिंक व्हाइट पातळ, दुधात पाणी घातल्यासारखा, खालचं दिसत राहतं. आणि ऑइल पेंटिंगची अजून एक गंमत, वर्षं जातील तसा तेलरंगाचा थर जास्त पारदर्शक होत जातो, मग चित्रकाराने बदलून झाकलेल्या गोष्टी हळूहळू वर यायला लागतात. वेलाझ्केझ ह्या स्पॅनिश चित्रकाराने घोड्यावर बसलेला चौथा फिलिप राजा काढलाय, त्यातल्या घोड्याचे आधी काढून मग बदललेले पाय आता दिसतात. राजाचा घोडा, आणि पाय जास्त.

लॉबीतला सुविचाराचा फळा पण खालच्या पट्टीत येत होता. आधी त्याच्यावर मी एक सुविचार लिहिला होता, माणुसकीवरचा, मग मलाच तो स्वस्तातला जोक वाटला म्हणून खोडला. डस्टर फिरवल्यासारखा खडूचा पांढुरका डाग तेवढा ठेवला.

डिलिव्हरी

गुढीपाडव्याच्या आधी चित्र दिलं. सिंहस्थाच्या कामांनी रस्ता खणलेला, रिक्षात मांडीवर धरून नेलं, ओलं असल्यासारखं. वार्निश केलं नव्हतं, ऑइल पूर्ण वाळायला सहा महिने तरी द्यावे लागतात, मग वार्निश. काका भिंतीसमोर उभे राहिले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कपाकडं बोट करून म्हणाले, "साय बरोबर आलीय." एवढंच. उरलेले पैसे पाकिटात घालून तयारच होते.

काकूंना चित्र नको होतं. त्या मला आत घेऊन म्हणाल्या, "तुम्ही चांगलं काढलंय गं, पण हे रात्री दोन-दोन वाजता उठून त्याच्यासमोर बसतात." त्यावर मी काय बोलणार.

पाडव्यानंतर त्यांच्याकडे सत्यनारायण होता, मला बोलावलं होतं. सोसायटीतली झाडून सगळी माणसं आली. आणि काय सांगू, सगळ्यांना चित्र इतकं आवडलं! "अरे ही तर आपलीच बिल्डिंग!" "ऊन काय सुंदर आलंय हो." "काकांनी केवढा अभिमानाने काढून घेतलं सोसायटीचं चित्र." चेअरमनची बायको म्हणाली आमच्या क्लब हाउसला असंच एक करून द्या, जरा मोठं. प्रसादाचा शिरा खात सगळ्यांनी चित्रासमोर सेल्फी काढले. खालच्या पट्टीकडं एकानेही बघितलं नाही, म्हणजे बघितलं असेल, विचारलं नाही. मी कोपऱ्यात बसून विचार करत होते की चित्र फेल गेलं. तीन महिने घालवून मी सोसायटीचं कॅलेंडर काढलं.

रात्री फोटो ग्रुपवर पडला. फोटो मोबाइलवर मोठा करता येतो, ही गोष्ट माझ्या लक्षातच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन. दुसऱ्या मजल्यावरचे एक जण घरी येऊन गेले म्हणे. चेहऱ्यावरून नाही, वाळत घालायच्या स्टँडवरून त्यांनी स्वतःची गॅलरी ओळखली होती. मी जसं दिसलं तसं काढलेलं, कुणाचं स्टँड, कुणाचं मरून पायपुसणं कठड्यावर, कुणाचा पोपटाचा पिंजरा. तर ते म्हणाले, "काका, ही माझी गॅलरी आहे ना? ह्याच्यात माणूस उभा दाखवलाय. मी त्या दिवशी सिन्नरला फर्स्ट शिफ्टला होतो."

त्या दिवशी. चित्रावर तारीख नाही, चित्रात मार नाही, पोरगा नाही, काकांनी कुणाला काही सांगितलेलं नाही. तरी कुठला दिवस हे त्यांना विचारावं लागलं नाही.

संध्याकाळपर्यंत अजून दोघं. एकीचं म्हणणं ती त्या वेळेला अंघोळीला गेलेली. तिसऱ्यांचं म्हणणं जरा वेगळं होतं, ते होते गॅलरीत, पण त्यांनी "अहो जाऊद्या" असं ओरडलं होतं वरून, ते चित्रात कुठं आलंय? तिघांची मागणी एकच, आमच्या गॅलरीला पडदा लावून द्या. चित्रात. माणूस दिसायला नको. दोघांनी पैसे पण देऊ केले, एक-एक हजार. चित्र भिंतीवरून काढा असं कुणी म्हणालं नाही, हे मला अजून समजत नाही. चित्र चालत होतं, फक्त त्यातली आपली गॅलरी रिकामी पाहिजे होती.

काका फोनवर थकल्यासारखे वाटले. म्हणाले, "लावून टाका मॅडम. मला ह्यांच्याशी रोज लिफ्टमधे भेटायचंय." मग थोडं थांबून, "काकू म्हणतीये आपल्या पण गॅलरीला लावा." मी म्हणलं काका, आपल्या गॅलरीला नाही लावता येत, चित्र तिथूनच दिसतंय. ते हसले. बऱ्याच दिवसांनी त्यांचं हसणं ऐकलं.

आता माझा भाग. मी नाही म्हणू शकले असते. सही केलेलं चित्र आहे, बदल करणार नाही, संपलं, असं म्हणणारे चित्रकार असतात. पण त्या सोसायटीतली अकरा पोरं माझ्याकडं क्लासला येतात. क्लब हाउसचं काम पण डोक्यात होतं, खोटं कशाला बोलू. मी शेजारणीकडं बघितलं, ती पण क्लास घेते, भरतनाट्यमचे, तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं कर ना, तीन पडदे तर आहेत, तुझं काय जातंय?" मला तेवढंच ऐकायचं होतं.

रविवारी दुपारी गेले. काका झोपलेले, काकूंनी दार उघडलं, हॉलमधे पेपर अंथरून दिले. चित्र खाली उतरवून खुर्चीला टेकवलं. तीन गॅलऱ्या, तीन माणसं, नखाएवढी. "जाऊद्या" वाल्या गृहस्थांनी पैसे दिले नव्हते पण पडदा त्यांना पण पाहिजे होता. काकूंनी स्टुलावर चहा आणून ठेवला आणि सोफ्यावर बसून माझ्या हाताकडं बघत राहिल्या. मी पॅलेटवर थोडं येलो ऑकर काढलं, टायटॅनियमची ट्यूब हातात घेतली, टोपण उघडलं, मग परत लावलं आणि पिशवीतून झिंकची काढली.

काकू म्हणाल्या, पांढरा तर पांढराच, दोन कशाला लागतात?

मी म्हणलं, असंच, हा जरा मऊ लागतो.